मागची जागा

सिग्नल हिरवा झाला आणि त्याला पाय उचलता येईना. पाय जागच्या जागी होता, बुटासकट रस्त्यावर टेकलेला, गुडघ्यात वाकलेला, नेहमीसारखा. पण तो उचलायला कमरेत जे काही हलावं लागतं ते हललंच नाही, आणि जोर करून हलवायला गेला तर माकडहाडापासून टाचेपर्यंत अशी कळ गेली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. मागं बसलेली बायको बोलत होती. ती दातांच्या दवाखान्यात फोनवर बसते, लोकांना वेळा देते, आणि संध्याकाळी मोटारसायकलवर मागं बसली की दिवसभराचं सगळं सांगते. आज एका आजोबांनी डॉक्टरीणबाईंचं बोट चावलं होतं. "आणि वर म्हणतात कसे, तुम्हीच म्हणालात तोंड मिटा..." ती हसत होती, तिचं हसणं त्याच्या पाठीला लागत होतं. मग ती थांबली. "अरे, हिरवा झाला." मागून भोंगे सुरू झाले. "चल ना." तो म्हणाला, "उतर." "इथं? मध्येच?" "उतर गं जरा." दात आवळून बोलल्यामुळं ते रागावल्यासारखं निघालं. ती उतरली. त्याला मात्र उतरता आलं नाही. शेवटी वाहतूक पोलीस आणि बसथांब्यावरचे दोघं आले, आणि जिन्यावरून कपाट उतरवतात तसं त्याला तिघांनी तिरकं करून खाली घेतलं. फुटपाथवर ठेवल्यावरही तो बसलेलाच राहिला. गुडघे वाकलेले, हात पुढं, मुठी धरलेल्या. खाली गाडी नव्हती एवढंच. कुणीतरी विचारलं, "घेतलीय का?" आणि बायको त्या माणसावर उसळून म्हणाली, "पाठ धरलीय त्यांची." एरवी ती त्याला अरेतुरे करते. परक्यांपुढं त्याला असा मान मिळाला की त्याला आपण आजारी असल्याची खात्री पटायची.

तो फार उंच होता. कामावर सगळे त्याला लंबूच म्हणत, आणि नवीन आलेल्यांना काही दिवस ते त्याचं आडनाव वाटे. लहानपणी आईचं त्याच्याशी निम्मं बोलणं एकाच शब्दाचं होतं: वाक. दारातून येताना वाक, पंखा आहे वाक, फोटो काढतायत जरा वाक, पाहुणे आलेत असा अंगावर आल्यासारखा उभा राहू नकोस, वाक. तिच्या मनात वाईट नव्हतं. कपाळाला टेंगूळ आलं की तीच हळद लावून बसायची. पण माणसांत राहायचं तर थोडं दुमडून राहावं लागतं, हे त्याच्या अंगात तेव्हापासून मुरलं ते मुरलंच. पुढं तो लिफ्टच्या दुरुस्तीत शिरला. त्याच्यासारख्यानं हे काम का घेतलं ते त्यालाही कधी सांगता आलं नाही. लिफ्टच्या तळाशी एक खड्डा असतो, त्यात उतरून गुडघे छातीशी घेऊन बसावं लागतं. वर यंत्राची खोली असते, तिचं छत त्याच्या खांद्यालाच येई. अडकलेल्या लिफ्टपाशी मात्र त्याच्यासारखा माणूस नव्हता. दोन मजल्यांच्या मध्ये पेटी थांबलेली असते, आत कुणीतरी रडत किंवा दार बडवत असतं, आणि तो बाहेरून दाराच्या फटीला तोंड लावून शांतपणे बोलत राही. घाबरू नका, मी आलोय, हवा येतेय ना, खाली बसा, तुमचं नाव काय. दार उघडलं आणि आतलं माणूस समोर आलं, की त्याला एक शब्द सुचत नसे. लोक आभार मानायला मान वर करत आणि तो पिशवीत पाना शोधू लागे.

हाडांच्या डॉक्टरांनी त्याच्या मणक्यांचा फोटो उजेडावर धरला आणि पेनाच्या टोकानं दाखवलं, "ही गादी दबलीय. ही पण. उंच लोकांचं हे असंच." जणू तो कुठल्याशा जमातीचा होता. "दुचाकी बंद करा." तो म्हणाला, "काम तिच्यावरच आहे. माणूस अडकलेलं असतं, बसनं कधी पोचणार?" "मग काम बदला." हे सांगताना डॉक्टर पुढच्या पेशंटची घंटी वाजवत होते, आणि त्याला एकदम तिथंच, त्या निळसर उजेडात, आपल्याच हाडांसमोर बसून राहावंसं वाटलं. हाडं सरळ दिसत होती. फोटोत तरी कुणी त्यांना वाक म्हटलेलं नव्हतं. मग गोळ्या झाल्या, पट्टा झाला, आणि शेवटी व्यायाम शिकवणाऱ्या बाई. वयानं अगदी लहान, पण धाकात ठेवणारी. तिनं चौथ्या-पाचव्या खेपेला विचारलं, "गाडीवर कसे बसता ते मला बघायचंय," आणि खाली आवारात येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

तो बसला. ती त्याच्याभोवती एक फेरी मारून आली. "गुडघे कमरेच्या वर जातायत. पाठीची कमान झालीय. हात ताणलेले. सगळा भार इथं," तिनं एक बोट त्याच्या कमरेवर टेकवलं, अगदी बरोबर जागी. "आणि तुम्ही टाकीला चिकटून का बसलाय? मागं एवढी जागा मोकळी आहे." त्यानं वळून पाहिलं. खरंच, निम्म्याहून जास्त सीट मोकळी होती. "मागं बायको बसते," तो म्हणाला. "आत्ता नाहीये ना?" "नाही." तरी तो सरकला नाही. "आणि मान अशी डावीकडं, मागं का टाकता?" "सवय." तिनं पुढं विचारलं नाही, आणि तेच बरं झालं, कारण त्यालाही ते आत्ता, तिनं विचारल्यावरच कळत होतं. लग्नानंतर पहिल्यांदा ती मागं बसली तेव्हा तिच्या मांडीवर तिची मोठी पिशवी होती, म्हणून तो पुढं सरकला, आणि तिचं बोलणं हेल्मेटमधून नीट येईना म्हणून त्यानं मान डावीकडं मागं टाकली. पिशव्या बदलत गेल्या, हेल्मेटं बदलली, ही गाडी तेव्हाच्या गाडीनंतरची. तो तसाच बसत राहिला. एकटा असतानाही. मागं कुणी नसताना तो रोज शहरभर, या इमारतीतून त्या इमारतीत, तिची जागा सोडून हिंडत होता, आणि तिचा आवाज जिथून येतो तिकडं मान करून.

घरात त्यांचं बोलणं होत नसे. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. घर लहान होतं आणि त्यात समोरासमोर बसलं की त्याला आपले हात, आपलं तोंड, आपला चेहरा यांचं काय करावं ते कळत नसे. ती चेहऱ्याकडं बघत बोले आणि मध्येच म्हणे, "जाऊ दे, तुझं लक्ष नाही." लक्ष असे, चेहऱ्यावर ते उमटत नसे. पण गाडीवर दोघांची तोंडं एकाच दिशेला, पुढं रस्ता, इंजिनाचा एकसारखा आवाज, आणि त्याच्या कानामागं ती. तिथं तिनं त्याला सगळं सांगितलं होतं. वडील गेल्याचा फोन आला तो दुपारी, पण ती रडली संध्याकाळी, पुलाच्या चढावर. दिवस गेलेत हे तिनं पेट्रोलपंपाच्या वळणावर सांगितलं होतं आणि तो वळायचंच विसरला होता. आणि पुढं काही आठवड्यांनी, मूल राहिलं नाही तेव्हा, इस्पितळातून घरी येताना, त्याच रस्त्यावर, तिनं सांगितलं की तिला परत हे सगळं नको आहे, पुन्हा प्रयत्न नको, कधीच नको. आणि तो फक्त "हं" म्हणाला होता. समोर बसून तिनं विचारलं असतं तर त्यानं काहीतरी समजुतीचं, शहाणपणाचं बोलून ठेवलं असतं आणि ते तिला जन्मभर लागलं असतं. तिनं तेव्हा कपाळ त्याच्या पाठीला टेकलं होतं. घर येऊन गेलं तरी तो थांबला नव्हता, उगाच पुढच्या चौकाला वळसा घालून आला होता.

"मागं सरका," व्यायामाची बाई म्हणाली. तो सरकला. मांड्या सीटवर पसरल्या, पोट मोकळं झालं, पाठ आपोआप सरळ झाली आणि छातीत कितीतरी वर्षांनी खालपर्यंत श्वास गेला. "कसं वाटतंय?" "बरं वाटतंय," तो म्हणाला, आणि त्याला शरम वाटली. इथलं रेक्झीन कमी झिजलेलं होतं, गार होतं. तो तिच्या जागेवर बसला होता.

बायकोच त्याला नव्या गाड्या दाखवायला घेऊन गेली. "एवढी मोठी दुकानं आहेत, तुझ्या मापाची एक गाडी नसेल?" दुकानातला विकणारा उत्साही होता. त्यानं आधी एक शर्यतीच्या थाटाची गाडी पुढं केली. तिच्यावर बसल्यावर तो पलंगाखाली काहीतरी शोधत असल्यासारखा दिसायला लागला आणि बायको रुमालात हसली. मग एक बुटकी, लांबलचक गाडी आली, पाय पुढं पसरायची. "राजासारखं बसायचं साहेब." दुकानात ती आरामखुर्चीच वाटली. पण फेरी मारायला काढली आणि पहिल्याच खड्ड्याला कळलं, की पाय पुढं गेले म्हणजे उठून धक्का झेलायला खाली काही उरत नाही, तो सगळा बुडातून सरळ मणक्यात चढतो. तिसरी उंच होती. पाय सरळ खाली येत होते, गुडघे सैल, हँडल आपणहून हाताशी आलेलं, पाठ ताठ. खड्डा आला तर पावलांवर जरासं उठता येत होतं. गाड्यांच्या टपांवरून त्याला पुढचा सगळा रस्ता दिसला. आपण इतकी वर्षं शहराकडं खालून वर बघत होतो असं त्याला वाटलं, एवढा उंच असून. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा बघून बायको म्हणाली, "हीच." मग ती बसायला आली. मागची सीट तिच्या छातीपर्यंत होती. तिनं त्याच्या खांद्याला धरलं, पाय ठेवायच्या दांडीवर पाऊल ठेवलं, उसळी मारली आणि अर्ध्यातून खाली आली. "थांब हं." पुन्हा. तिचा एक गुडघा आधीपासून दुखरा होता, तो कटकन वाजला. "शिडी आणायची का मॅडम?" विकणारा गमतीनं म्हणाला आणि तीही हसली, मोठ्यानं हसली; पण त्याच्या खांद्यावरचा तिचा हात अजून सुटला नव्हता. तो म्हणाला, "मला नाही आवडली. इंजिन फार तापतं." परत येताना जुन्याच गाडीवर ती मागं बसली. "खोटं बोललास," ती पहिल्या सिग्नलला म्हणाली. तो "हं" म्हणाला.

त्यानंतर एक दिवस त्याची पाठ लिफ्टच्या खड्ड्यातच धरली. वर लिफ्ट थांबवलेली, खाली तो, ओल्या सिमेंटचा वास, आणि हाताशी वंगणाचा डबा. त्याला वर येता येईना. बरोबरचा माणूस वरून ओरडला, "लंबू, झालं का?" आणि तो खालून "झालं, झालं" म्हणत राहिला. काढल्यावर साहेबांनी त्याला बोलावून, खुर्ची देऊन, फार गोड आवाजात सांगितलं की असं पुन्हा झालं तर विचार करावा लागेल. खुर्ची दिली तेव्हाच त्यानं ओळखलं. हे बायकोला कळलं ते गाडीवर नाही. साहेबांचा घरी फोन आला होता.

मग ती त्याला ओढत गाड्यांच्या मिस्त्रीकडं घेऊन गेली. मिस्त्रीनं ऐकून घेतलं, त्याला बसवलं, उठवलं, खडूनं सीटवर एक रेघ मारली. हँडल वर आणि जवळ येईल, पायाच्या दांड्या खाली आणि थोड्या मागं जातील, ते सोपं होतं. "पण बैठक मागं न्यावी लागेल. तुमच्या मांड्या लांब. सीट इथपर्यंत सपाट आणि उंच करतो, इथं पाठीला टेकू देतो." "मग मागचं माणूस?" त्यानं विचारलं. मिस्त्रीनं रेघेच्या पलीकडं उरलेल्या वीतभर जागेवर हात ठेवला. "इथं पिशवी बसेल." तिघं त्या जागेकडं बघत उभे राहिले. नको म्हणायला त्याचं तोंड उघडलं होतं. पण बायको त्याच्या समोर उभी होती, त्याच्या चेहऱ्याकडं बघत होती, आणि नेहमीसारखा तो खिशात किल्ली शोधू लागला. "करून टाका," ती मिस्त्रीला म्हणाली. "माझ्या दवाखान्याजवळ बस थांबते."

पाठ बरी व्हायला लागली. ते नाकारण्यात अर्थ नव्हता. सकाळी बूट घालताना तो आता भिंत धरत नव्हता. खड्ड्यात उतरून वर येत होता, साहेब त्याला खुर्ची देत नव्हते. रोज संध्याकाळी ती विचारी, "आज कशी आहे?" आणि तो सांगे, पाठीबद्दल मात्र तो बोलू शकत होता, कुठं ओढ लागते, कुठं सैल पडलंय. ती ऐकून घेई, ताटं उचली. कधी ती "आज ना..." अशी सुरुवात करी. तो जेवताना थांबून, मान वर करून, नीट तिच्याकडं बघे, डोळे मोठे करून, लक्ष आहे हे दाखवायला. त्या तसल्या बघण्यानंच तिचं वाक्य विरून जाई. "काही नाही. पाणी हवंय?" त्याला वाटे, आजोबांनी बोट चावलेलं असणारच कुणाचंतरी, दवाखाना काही बंद पडलेला नाही. ते सगळं कुठं जात असेल? बसमध्ये शेजारी बसणाऱ्या बाईकडं? एकदा त्यानं सुचवलं, रात्री जेवून चालायला जाऊ. गेलेही. पण चालताना त्याची टांग लांब, तिचा गुडघा दुखरा. ती धापा टाकत मागं राही, तो थांबून वळे, आणि पुन्हा समोरासमोर.

दवाखान्याच्याच रस्त्यावर एक लिफ्ट अडकली होती. काम लवकर उरकलं म्हणून तो तिला भेटायला गेला. घेऊन जाता येणार नव्हतं, पण बसथांब्यापर्यंत जाऊ म्हणून. तिची खुर्ची रिकामी होती. डॉक्टरीणबाई हातमोजे काढत बाहेर आल्या. "अरे, तुम्ही? ती केव्हाच निघाली. आणि बरं का, आम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला हं. तो रिपोर्ट येईपर्यंत माझंच लक्ष लागत नव्हतं, तर तिचं काय झालं असेल. गाठ म्हटलं की माणूस हादरतंच. चांगला आला, सुटलो." तो म्हणाला, "हो. सुटलो." कसला रिपोर्ट, हे विचारायलाही आता जागा उरली नव्हती. तो ताठ उभा होता. पाठ आता ताठच असायची.

घरी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तो दारात उभा राहिला. "गाठ कसली?" ती थांबली, मग घडी पुरी केली. "कुणी सांगितलं? बाईंनी?" "कसली?" "काखेत होती. काढून तपासायला पाठवली. काही निघालं नाही." "एकटी गेलीस?" "दुपारची वेळ होती. तू कुठंतरी लिफ्टमध्ये." "मला का नाही सांगितलंस?" ती त्याच्याकडं बघत राहिली, रागानं नव्हे, एखादी हरवलेली वस्तू कुठं ठेवली होती ते आठवताना माणूस बघतं तसं. "सांगणार होते रे. रोज सांगणार होते. कुठं सांगू तेच कळेना." आणि थोड्या वेळानं, "तुझी पाठ बरी होत होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या आधी खाली गेला, गाडी काढली आणि टाकीला चिकटून बसला. नवी बैठक मागं उंच होती, ती त्याला पुढं ढकलत होती. गुडघे हँडलला लागत होते. "बस," तो म्हणाला. "वेडा झालास?" "बस तू." मिस्त्रीनं केलेल्या टेकूवरून ती कशीबशी चढली आणि जिथं त्यानं बसायचं तिथं बसली, दोन्ही हात त्याच्या पोटाशी घट्ट. तो निघाला. गल्ली संपली, मोठा रस्ता लागला. त्यानं मान डावीकडं मागं टाकली. आणि पुलाचा चढ लागला तेव्हा ती बोलायला लागली. पहिल्यांदा न्हाणीघरात हाताला ती गाठ कशी लागली, ते त्यानं ऐकलं. कुणाला सांगावं म्हणून ती टॉवेल गुंडाळून किती वेळ उभी राहिली, ते ऐकलं. मग गतिरोधक आला. कळ माकडहाडातून उठली आणि वर गेली, आणि दुसरी मांडीतून खाली, आणि मग त्या सुट्या सुट्या राहिल्याच नाहीत. त्यानं दात आवळले. पुढच्या बसचा मागचा दिवा तेवढा त्याला दिसत होता. कानामागं तिचा आवाज चालू होता, वर जात होता, खाली येत होता, मध्ये एकदा भरून आला, मग थांबला, मग हलकेच हसलाही बहुतेक. आणि तो सवयीनं जिथं म्हणायचं तिथं "हं" म्हणत होता, आणि एकेक "हं" काढायला त्याला फुप्फुसं गोळा करावी लागत होती. त्याला म्हणायचं होतं, थांब, जरा थांब, मला ऐकू येत नाहीये. पण इतक्या दिवसांनी ती बोलत होती, आणि थांबवली असती तर पुन्हा बोलली नसती. एखादा शब्द हाताशी लागे, खोली, गार, सुई, तुझी आई, आणि पुढच्या खड्ड्याला तोही निसटे.

दवाखान्यापुढं त्यानं गाडी थांबवली. ती उतरली, हेल्मेट काढलं, केस मागं सारले. तिचे डोळे ओले होते आणि चेहरा कसा धुतल्यासारखा झाला होता. "बरं वाटलं," ती म्हणाली. "ते शेवटचं सांगू की नको असं चाललं होतं माझं. पण बरं झालं सांगितलं. तुला वाईट नाही ना वाटलं?" त्यानं मान हलवली. नाही, की होय, त्याचं त्यालाही कळलं नाही. तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला, क्षणभर दाबला, आणि ती पायऱ्या चढून आत गेली. एक गुडघा जपत, पण भराभर.

तो तिथंच बसून राहिला. इंजिन चालू होतं. मागं सरकायला हवं होतं. सरकता येत नव्हतं. दाराच्या काचेतून ती दिसत होती, पिशवी ठेवताना, खुर्ची ओढताना, फोन उचलून कुणाला तरी हसून काही सांगताना. तो तिच्या ओठांकडं बघत राहिला.